महाराष्ट्राएवढी दलदल, तिच्यात साठलेला कार्बन आणि खाली निकेल : कॅनडाच्या ‘रिंग ऑफ फायर’चा वाद काय आहे?

घरी बाल्कनीत चार कुंड्या असतील, तर कोकोपीट तुमच्या ओळखीचं असेल. नर्सरीत विटेसारखा सुका ठोकळा मिळतो, बादलीभर पाण्यात टाकला की फुगतो आणि मग तो मातीत मिसळायचा. नारळाच्या सोडणापासून बनतो म्हणून ‘कोको’. पण त्यातलं ‘पीट’ म्हणजे काय?

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात कोळशाचे प्रकार पाठ केले असतील, तर पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट ही यादी आठवेल. त्यातलं पहिलं नाव हेच. परीक्षेत एका मार्काला आलं आणि आपण ते विसरून गेलो.

आता हेच पीट हवामान बदलाच्या चर्चेत पुन्हा आलंय. कॅनडाच्या उत्तरेला महाराष्ट्राहून थोडी मोठी अशी एक दलदल आहे. तिच्यात हजारो वर्षांचा कार्बन साठलाय आणि तिच्याखालच्या खडकात निकेल आणि क्रोमाइट सापडलंय. हे निकेल इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीसाठी हवंय, म्हणजे हवामान वाचवण्यासाठीच. पण ते काढायला जायचं तर हवामानाला सांभाळणारी दलदलच धोक्यात येते.

हा पेच नेमका काय आहे, ते समजून घेऊया.

आधी सांगा, पीट म्हणजे काय?

झाड मेलं, पान गळलं की ते कुजतं. बुरशी आणि जिवाणू ते खातात आणि त्यातला कार्बन पुन्हा हवेत जातो. पण या जिवाणूंना भरभर काम करायचं तर ऑक्सिजन लागतो. जमीन बारा महिने पाण्याखाली असेल, तर तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही आणि कुजण्याचं काम अर्धवट राहतं.

घरातल्या लोणच्याच्या बरणीसारखं आहे हे. वर तेलाचा थर असतो तोवर खालच्या फोडींना हवा लागत नाही आणि लोणचं वर्षभर टिकतं. तेल कमी झालं की वरच्या फोडींना बुरशी धरते. पीटच्या बाबतीत तेलाचं काम पाणी करतं.

थंड प्रदेशात हे पीट प्रामुख्याने स्फॅग्नम नावाच्या मॉसपासून बनतं. हे मॉस स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आम्लधर्मी करतं, त्यामुळे कुजण्याचा वेग आणखी कमी होतो. पीट किती चांगलं ‘टिकवतं’ याचं एक प्रसिद्ध उदाहरण डेन्मार्कमध्ये आहे. १९५० साली तिथे पीट काढणाऱ्या लोकांना एका माणसाचा मृतदेह सापडला. चेहरा इतका शाबूत होता की पोलिसांना बोलावलं गेलं. तपासाअंती तो माणूस दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा निघाला. आज जग त्याला ‘टोलंड मॅन’ म्हणून ओळखतं.

पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतो. म्हणजे एक मीटर थर तयार व्हायला किमान हजार वर्षं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यात कार्बन किती आहे?

जगाच्या एकूण जमिनीपैकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास जमीन पीटची आहे. पण तेवढ्यात सुमारे ६०० अब्ज टन कार्बन साठलेला असल्याचा अंदाज आहे. जगातल्या सगळ्या जंगलांमधल्या झाडांमध्ये मिळून आहे त्याहून हा जास्त.

पीट ओलं आहे तोवर हा साठा जागेवर राहतो. चर खणून पाणी काढून टाकलं की हवा आत शिरते, अडलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागतो. शेती, वृक्षलागवड आणि इंधन यासाठी जगभरात जे पीट कोरडं केलं गेलंय, त्यातून दरवर्षी सुमारे २ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माणसाच्या एकूण उत्सर्जनाचा हा ४ ते ५ टक्के भाग आहे.

कोरडं पीट नुसतं वायू सोडत नाही, ते खचतंही. इंग्लंडमध्ये होम फेन इथली दलदल १९ व्या शतकात कोरडी केली गेली. तेव्हा जमीन किती खचते ते पाहायला १८५१ मध्ये एक लोखंडी खांब पुरला, त्याचं टोक जमिनीच्या पातळीवर ठेवून. आज तो खांब सुमारे ४ मीटर उघडा पडलाय. खांब आहे तिथेच आहे, त्याच्या भोवतालची जमीन नाहीशी झाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ओल्या पीटमधून मिथेन हा वायूही बाहेर पडतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता अडवतो. मग पीट चांगलं की वाईट? मिथेन हवेत साधारण दशकभर टिकतो. पीटने अडवलेला कार्बन मात्र हजारो वर्षं अडून राहतो. त्यामुळे लांबचा हिशेब मांडला तर पीटने पृथ्वीला थंडच ठेवलंय.

कॅनडातली दलदल कुठे आहे?

कॅनडाच्या नकाशात वरच्या बाजूला हडसन बे हा प्रचंड उपसागर दिसतो. त्याच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य किनाऱ्याला लागून जो सखल, पाणथळ प्रदेश पसरलाय तो म्हणजे हडसन बे लोलँड्स. त्याचा बहुतेक भाग ऑन्टारिओ प्रांतात येतो. पश्चिम सायबेरियानंतर जगातला सर्वांत मोठ्या सलग पीट प्रदेशांमध्ये याची गणना होते.

सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी इथला बर्फाचा थर वितळला आणि समुद्र आत आला. बर्फाचं ओझं उतरल्यावर दबलेली जमीन हळूहळू वर यायला लागली, समुद्र मागे हटला आणि मागे सपाट, निचरा न होणारी चिकणमाती राहिली. त्यावर मॉस वाढलं, मेलं, साठत गेलं. आज बऱ्याच ठिकाणी या पीटचा थर दोन ते तीन मीटर जाड आहे. जमीन अजूनही शतकाला साधारण एक मीटर या वेगाने वर येतेय आणि किनाऱ्याला नवं पीट तयार होतंय.

या प्रदेशात ३० अब्ज टनांच्या आसपास कार्बन असल्याचा अंदाज आहे. सगळं जग मिळून कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतं. म्हणजे या एका दलदलीत जगाच्या तीन वर्षांच्या धुराएवढा कार्बन आहे.

इथे राहणारे मुश्केगोवुक क्री लोक या प्रदेशाला ‘श्वास घेणारी भूमी’ म्हणतात.

‘रिंग ऑफ फायर’ काय आहे?

२००७ मध्ये थंडर बे शहरापासून सुमारे ५०० किलोमीटर ईशान्येला निकेल आणि तांब्याचा साठा सापडला, त्याला ‘ईगल्स नेस्ट’ नाव दिलं गेलं. पुढच्याच वर्षी त्याच भागात क्रोमाइटचे मोठे साठे मिळाले. चंद्रकोरीसारख्या पसरलेल्या, सुमारे ५ हजार चौरस किलोमीटरच्या या पट्ट्याला ‘रिंग ऑफ फायर’ म्हणतात. ज्वालामुखींच्या पॅसिफिक पट्ट्याशी याचा काही संबंध नाही. शोध लावणाऱ्या नोरोंट कंपनीचे संस्थापक गायक जॉनी कॅश यांचे चाहते होते आणि कॅश यांच्या गाजलेल्या गाण्यावरून हे नाव पडलं.

क्रोमाइटपासून क्रोमियम मिळतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याला गंज चढत नाही तो यामुळे. निकेल स्टेनलेस स्टीलमध्येही लागतं आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या अनेक बॅटऱ्यांमध्येही.

२०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वायलू या कंपनीने नोरोंट विकत घेतली. ऑन्टारिओचे प्रीमियर डग फोर्ड यांनी तर २०१८ च्या निवडणूक प्रचारातच सांगितलं होतं, की गरज पडली तर मी स्वतः बुलडोझरवर बसून रस्ता करीन. पण शोध लागून इतकी वर्षं झाली तरी तिथे खाण सुरू झालेली नाही. कारण तिथे पोहोचायला बारमाही रस्ताच नाही.

खाण तर लहान आहे, मग एवढी चिंता कशाची?

हा प्रश्न रास्त आहे. ईगल्स नेस्टची खाण भूमिगत असेल आणि जमिनीवर तिने व्यापलेली जागा अगदी कमी असेल, असं कंपनी सांगते. लाखो चौरस किलोमीटरच्या दलदलीत एवढीशी जागा गेली तर काय बिघडलं?

अडचण रस्त्याची आहे. दक्षिणेकडच्या महामार्गांच्या जाळ्यापासून खाणीपर्यंत शेकडो किलोमीटर लांबीचे रस्ते बांधावे लागतील. त्यांचे तीन वेगवेगळे टप्पे प्रस्तावित आहेत आणि त्यांचा मोठा भाग पीटमधून किंवा पीटच्या कडेने जातो.

पीटमध्ये पाणी नदीसारखं एका पात्रातून वाहत नाही. ते पूर्ण थरातून, फारसा उतार नसलेल्या जमिनीवरून, अगदी हळू झिरपत पुढे जातं. त्यात भराव टाकून रस्ता केला की तो बंधाऱ्यासारखं काम करतो. वरच्या बाजूला पाणी तुंबतं, झाडं मरतात, मिथेन वाढतो. खालच्या बाजूला पाणी कमी पडतं आणि पीट कोरडं होऊ लागतं. भरावाखाली मोऱ्या टाकून हे कमी करता येतं, पण पूर्ण टाळणं अवघड असतं.

दुसरं म्हणजे, रस्ता एका खाणीपुरता राहत नाही. आज जिथे खाण परवडत नाही तिथे रस्ता झाल्यावर ती परवडू लागते. ऑन्टारिओमध्ये २०१८ पासून खाणीसाठी जमिनीवर दावा ऑनलाइन नोंदवता येतो, त्या जागी पाऊलही न ठेवता. रिंग ऑफ फायरच्या परिसरात असे हजारो दावे नोंदवले गेलेत. त्यामुळे पर्यावरण अभ्यासकांचं म्हणणं असं, की एकेका प्रकल्पाचा वेगळा अहवाल पुरेसा नाही. पूर्ण प्रदेशावर एकत्रित परिणाम काय होईल ते आधी तपासा.

खाण आणि पीट शेजारी आल्यावर काय होतं याचा या भागाला थोडा अनुभवही आहे. अटावापिस्काट या वस्तीच्या पश्चिमेला सुमारे ९० किलोमीटरवर डी बिअर्स कंपनीची व्हिक्टर हिऱ्यांची खाण होती. २००८ ते २०१९ या काळात ती चालली. खोल खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पाणी सतत उपसावं लागायचं आणि त्यामुळे आसपासच्या पीटमधली पाण्याची पातळी खाली गेल्याचं संशोधकांनी नोंदवलं. पाण्यातल्या पाऱ्याच्या पातळीबद्दल आवश्यक माहिती न दिल्याप्रकरणी डी बिअर्स कॅनडाने २०२१ मध्ये न्यायालयात दोष मान्य केला.

पाऱ्याचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. पीटमध्ये पारा साठलेला असतो. पाण्याची पातळी किंवा त्यातली रसायनं बदलली की त्याचं मिथाइल मर्क्युरी या विषारी रूपात रूपांतर वाढू शकतं. ते माशांमध्ये जातं आणि तिथून मासे खाणाऱ्या माणसांमध्ये.

हवामान बदल यात कुठे येतो?

खाण झाली नाही तरी ही दलदल सुरक्षित आहे असं नाही. पृथ्वीचा उत्तर भाग जगाच्या सरासरीपेक्षा जास्त वेगाने तापतोय. हडसन बेच्या काठावरची कायम गोठलेली जमीन वितळू लागली आहे. उन्हाळा लांबला आणि बाष्पीभवन वाढलं की वरचं पीट सुकतं.

सुकलेलं पीट पेटतं आणि ती आग ज्वाळांची नसते. गोवरीसारखं ते आत धुमसत राहतं, काही वेळा बर्फाखाली अख्खा हिवाळा धुमसतं आणि वसंतात पुन्हा वर येतं. या आगींना ‘झोंबी फायर’ म्हणतात. २०२३ मध्ये कॅनडात वणव्यांनी सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जाळलं, देशाच्या नोंदींमधला हा विक्रम होता.

म्हणजे आधीच तापाने अशक्त झालेल्या दलदलीवर रस्ते आणि उपसा यांचा भार टाकायचा की नाही, असा हा प्रश्न आहे. ओलं, अखंड पीट तापमानवाढीला बऱ्यापैकी तोंड देऊ शकतं. निचरा झालेलं पीट देऊ शकत नाही.

तिथे राहणाऱ्यांना काय वाटतं?

‘स्थानिकांचा विरोध’ असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येणार नाही. हा प्रदेश १९०५-०६ मध्ये झालेल्या ट्रीटी ९ या कराराखाली येतो आणि तिथल्या फर्स्ट नेशन्समध्ये, म्हणजे मूळनिवासी समुदायांमध्ये, वेगवेगळी मतं आहेत.

वेबेक्वी आणि मार्टेन फॉल्स हे समुदाय रस्त्यांच्या प्रस्तावात स्वतः पुढाकार घेतायत. त्यांच्या वस्त्यांना बारमाही रस्ता नाही. विमानाने जायचं किंवा हिवाळ्यात गोठलेल्या नद्या-तळ्यांवरून काही आठवडे चालणाऱ्या बर्फाच्या रस्त्याने. इंधन, घरबांधणीचं सामान, मोठी खरेदी सगळं त्याच आठवड्यांत आणावं लागतं. आता हिवाळेच उबदार व्हायला लागलेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्फाचे रस्ते नीट गोठले नाहीत म्हणून उत्तर ऑन्टारिओतल्या फर्स्ट नेशन्सच्या संघटनेने आणीबाणी जाहीर केली होती. ज्या हवामान बदलापासून पीट वाचवायचंय, त्यानेच या लोकांचा जुना रस्ता काढून घेतलाय. दुकानात भाजी आणि दूध परवडत नसलेल्या माणसाला ‘रस्ता नको’ हे सांगणं सोपं नाही.

दुसरीकडे नेस्कांटागा हा समुदाय आहे. तिथे १९९५ पासून नळाचं पाणी उकळून प्या, अशी सूचना लागू आहे. कॅनडातली ही सर्वांत जास्त काळ चाललेली सूचना. तीस वर्षांत पिण्याचं पाणी देऊ न शकलेलं सरकार खाणीसाठी मात्र रस्ता बांधायला तयार आहे, हा तिथल्या नाराजीचा गाभा आहे. २०२१ मध्ये नेस्कांटागा, अटावापिस्काट आणि फोर्ट अल्बनी या तीन समुदायांनी रिंग ऑफ फायरमधल्या विकासकामांना स्थगिती जाहीर केली.

जून २०२५ मध्ये ऑन्टारिओने एक नवा कायदा केला. त्यानुसार सरकार ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ जाहीर करून तिथे काही प्रांतीय कायद्यांमधून आणि परवानग्यांमधून सूट देऊ शकतं. रिंग ऑफ फायरचं नाव त्यासाठी आधीपासून घेतलं जात होतं. पुढच्याच महिन्यात नऊ फर्स्ट नेशन्सनी या कायद्याला आणि केंद्राच्या अशाच एका कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं. आमच्याशी सल्लामसलत न करता आमच्या जमिनीचा निर्णय घेण्याची ही सोय आहे, असा त्यांचा आक्षेप आहे.

पण इलेक्ट्रिक गाड्यांसाठी निकेल लागणारच ना?

लागणार आहे. पण ते इथूनच यायला हवं असं नाही. ऑन्टारिओमध्येच सडबरी इथे शंभरहून अधिक वर्षं निकेलच्या खाणी चालू आहेत आणि तिथे रस्ते, रेल्वे, कारखाने सगळं आहे. जुन्या बॅटऱ्यांमधून निकेल परत मिळवता येतं. शिवाय सगळ्या बॅटऱ्यांना निकेल लागतही नाही. भारतातल्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये वापरली जाणारी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, निकेलशिवाय बनते.

निकेलला पर्याय आहेत. पीटला नाहीत. शास्त्रज्ञ अशा साठ्याला ‘परत न मिळणारा कार्बन’ म्हणतात. एकदा हवेत गेला, तर २०५० पर्यंत, म्हणजे जगाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी ठरवलेल्या मुदतीत, तो पुन्हा साठवता येणार नाही. वर्षाला एक मिलिमीटर हा आकडा आठवा. २५ वर्षांत जेमतेम अडीच सेंटिमीटर.

बिघडलं तर दुरुस्त करता येतं का?

काही अंशी, आणि फार खर्चाने. इंडोनेशियाचं उदाहरण यासाठी पाहायला हवं. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने भातशेतीसाठी कालीमंतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टर क्षेत्राचा प्रकल्प हाती घेतला आणि पीटमध्ये हजारो किलोमीटर कालवे खणले. भात नीट पिकला नाही, पण पीट कोरडं झालं. २०१५ च्या आगींमध्ये देशभरात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळलं, धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत गेला आणि जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलरहून अधिक सांगितला. त्यानंतर २०१६ मध्ये सरकारला पीट पूर्ववत करण्यासाठी खास संस्था स्थापन करावी लागली. खणलेले तेच कालवे आता बांध घालून बुजवावे लागतायत.

पीटच्या दुरुस्तीची मुख्य पद्धत हीच : चर बंद करा, पाणी परत आणा. याने गळती थांबते. गेलेला थर मात्र परत येत नाही.

म्हणून आहे ते जपणं स्वस्त पडतं आणि काही ठिकाणी ते घडतंय. आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पीट जाळून घरं उबदार ठेवली गेली, वीजही बनवली गेली. तिथल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने २०२१ मध्ये पीट काढणं बंद केल्याचं जाहीर केलं. २०२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फ्लो कंट्री या पीट प्रदेशाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. पीटसाठी असा मान पहिल्यांदाच दिला गेला.

हडसन बेच्या दलदलीचं काय होईल हे आता न्यायालयांमध्ये, रस्त्यांच्या परवानग्यांमध्ये आणि फर्स्ट नेशन्सशी होणाऱ्या वाटाघाटींमध्ये ठरेल. वेबेक्वीच्या लोकांना रस्ता हवाय आणि नेस्कांटागाच्या लोकांना पाणी. या दोन्ही गोष्टी त्यांना खाणीच्या बदल्यात नव्हे, तर नागरिक म्हणून मिळायला हव्यात. तसं झालं तरच पीटबद्दलचा निर्णय ते नाइलाजाने नव्हे, तर मोकळेपणाने घेऊ शकतील.

आणि पुढच्या वेळी कोकोपीटचा ठोकळा पाण्यात टाकाल, तेव्हा एवढं आठवा. बागकामासाठी जगात अजूनही खरं पीट खणून विकलं जातं आणि कॅनडा त्याचा मोठा उत्पादक आहे. त्याऐवजी नारळाचं सोडण वापरता येतं, हे आपल्याकडच्या कुंड्यांनी केव्हाच सिद्ध केलंय.